विश्लेषण : हाताने लिहिलेले गणित वाचताना संगणक का अडखळतो?

आयपॅडवर पेनाने आकडेमोड लिहायची, शेवटी बरोबरचे चिन्ह काढायचे, की उत्तर आपल्याच हस्ताक्षरासारख्या वळणात उमटते. ॲपलने जून २०२४ मध्ये जाहीर केलेली ही ‘मॅथ नोट्स’ सुविधा अनेकांना जादू वाटली. कल्पना मात्र जुनी आहे. हस्तलिखित गणित ओळखण्याचे संशोधन १९६० च्या दशकापासून सुरू आहे आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये ‘मॅथ इनपुट पॅनल’ होतेच. तरीही शोधनिबंध लिहिणारे गणिती आजही लॅटेक प्रणालीच्या आज्ञा टाइप करतात. असे का?

अडचण नेमकी कुठे?

साधा मजकूर एका ओळीत सरकतो, गणित वर-खालीही पसरते. ‘एक्स’च्या उजवीकडचा दोन किंचित वर असेल तर वर्ग, खाली असेल तर पादांक. घाईत तो मधेच पडला तर? आडवी रेघ वजाबाकीची की अपूर्णांकाची, हे तिच्या वर-खाली काही लिहिले जाईपर्यंत कळत नाही. त्यामुळे यंत्र आपले वाचन सतत बदलते आणि लिहिणाऱ्याचे लक्ष गणितावरून त्या बदलांकडे जाते. (देवनागरी अंकांची तऱ्हा आणखी वेगळी. आपला १ इंग्रजी नऊसारखा, तर ४ इंग्रजी आठसारखा दिसतो.)

९८ टक्के अचूकता पुरेशी नाही?

नाही. प्रत्येक चिन्ह ९८ टक्के वेळा बरोबर ओळखले गेले, तरी २० चिन्हांचे अख्खे समीकरण निर्दोष उतरण्याची शक्यता जेमतेम ६७ टक्के. म्हणजे दर तिसऱ्या समीकरणात दुरुस्ती. खरा वैताग तिथेच आहे. चुकलेले चिन्ह निवडा, पर्यायांची यादी उघडा, नाही जमले तर पुसून पुन्हा लिहा. लॅटेकमध्ये अपूर्णांकासाठी आज्ञा आणि महिरपी कंसांच्या दोन जोड्या लागतात. ते किचकट आहे, पण एकदा हात बसला की निकाल हमखास असतो. विंडोज ११ मध्ये तर ते पॅनलच काढून टाकले गेले.

नवा धोका कोणता?

जुन्या पॅनलमध्ये यंत्राने काय वाचले ते छापील अक्षरात वरच दिसायचे. आता उत्तरच आपल्या वळणात येते. एकाचा सात वाचला गेला, तर चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने समोर येणार. गृहपाठ करणाऱ्या मुलाला ते खटकेलच असे नाही. यंत्राने वाचलेले समीकरण उत्तराशेजारी ठळक दाखवणे ही छोटी सोय इथे अचूकतेच्या आणखी एका टक्क्यापेक्षा अधिक कामाची ठरेल.