तिकडचं जुनं बघायला व्हिसा, इकडचं जुनं पाडायला जेसीबी

परवा भाचा आला होता नेरला. पुण्यात आयटीत आहे. नुकताच बायकोसोबत ग्रीस फिरून आलेला. सपरीत बसून त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. क्रीट नावाचं मोठं बेट आहे, तिथलं रेथिम्नो गाव. अरुंद गल्ल्या, कोरीव दगडी दारं, त्यावर लाकडी सज्जे, ओट्यावर झोपलेली मांजर, चौकात सिंहाच्या तोंडातून पाणी पडणारा हौद. सँटोरिनीसारखी रेटारेटी नाही म्हणे. निवांत. तीन दिवस नुसते पायी फिरले दोघं.

फोटो छानच होते. शेवटी तो म्हणाला, "मामा, आपल्याकडे असं काहीच नाही ना. नुसती धूळ अन् कापूस."

मी विचारलं, "कारंजाला गेला आहेस कधी?"

"गेलो ना. गुरुमंदिरात. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, परत आलो."

भाच्यावर राग नाही माझा. मीही हेच ऐकत मोठा झालो. पण हे वाक्य आता ऐकवत नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा राजेहो.

आधी त्या रेथिम्नोचं बघू. भाच्याने ज्याचे फोटो काढले ते गाव ग्रीकांनी हौसेने बांधलेलं नाही. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचं राज्य. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने क्रीट घेतलं आणि साडेचारशे वर्षं पिळलं. कर, वेठ, धर्माचा जाच, सगळं आलं. क्रीटच्या लोकांनी पुन्हा पुन्हा बंड केलं. १३६३ साली तर तिथे स्थायिक झालेले व्हेनिसचे लोकच करांना वैतागून आपल्या सरकारवर उलटले. गावावरचा तो मोठा किल्ला १५७३ पासून बांधला, तोही वेठबिगारीने. सिंहमुखी हौद १६२६ चा, व्हेनिसच्या एका अधिकाऱ्याच्या नावाचा. १६४६ मध्ये तुर्क आले. त्यांनी एका चर्चची मशीद केली, पुढे मिनार उभा केला. १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत उरलेसुरले मुसलमान तुर्कस्तानात गेले. त्या इमारतीत आता गाणं-बजावणं शिकवतात. मिनार अजून आहे.

म्हणजे भाच्याने ज्याला "किती जपलंय" म्हटलं, ते ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांचं घर आहे. एकाचं नाही, दोघांचं. तरी जपलं. कारण गाव आपलं आहे, आणि गावात जे जे झालं तेही आपलंच, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली. आपल्याला ती कळत नाही. माझं सगळं भांडण इथेच आहे.

आता कारंजा. कारंजा लाड. वाशिम जिल्हा, पण नेरवरून पश्चिमेला सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर. 'लाड' म्हणजे लाट देशातले, दक्षिण गुजरातकडचे, असं मानतात. शिवाय राजस्थानातून आलेले बघेरवाल जैन, मारवाडी, आणि मूळचे वऱ्हाडी. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी घडवलेलं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. वेशींची नावं वाचली तरी माल कुठून कुठे जात होता ते कळतं. व्हेनिसला समुद्र होता, आमच्याकडे बैलांचे तांडे होते. फरक तेवढाच.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. क्रीटवरचं व्हेनिसचं मुख्य शहर, कँडिया, तुर्कांनी एकवीस वर्षं वेढलं आणि १६६९ च्या सप्टेंबरात घेतलं. पुढच्याच वर्षी, १६७० च्या डिसेंबरात, दुसऱ्यांदा सुरत लुटून झाल्यावर शिवछत्रपतींची फौज कारंजावर आली. वऱ्हाड तेव्हा मोगलांचा सुभा होता, कारंजाचा पैसा औरंगजेबाच्या तिजोरीला जात होता. जदुनाथ सरकारांनी या लुटीचा आकडा सुमारे एक कोट दिला आहे. सोनं, चांदी आणि उंची कापड चार हजार बैल-गाढवांवर लादून नेलं. गावातले धनवंत धरून नेले, बायकांचे कपडे घातले तेच निसटले.

सुरतेनंतर ज्या गावावर जावंसं वाटलं, ते गाव काय असेल? शाळेत आम्हाला सुरत शिकवली. कारंजा एका ओळीत संपलं. आमच्या उशाशी आहे हे कोणी सांगितलंच नाही.

का नाही सांगितलं? माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याला जुनं फक्त दोन प्रकारचं चालतं. एक, ज्यावर आपला झेंडा आहे ते. दोन, जिथे नवस फेडता येतो ते. या दोन खणांत न बसणारं सगळं आपण बेवारस सोडलं. कारंजा कुठल्या खणात टाकाल? बाजारपेठ मोगलांच्या सुभ्यातली, पैसा जैन आणि लाड व्यापाऱ्यांचा, लूट मराठ्यांची, जन्मस्थान नृसिंह सरस्वतींचं. एका गावात सगळे. कोणत्याच एका मिरवणुकीत मावत नाही, म्हणून कोणाचंच नाही.

तसंच गाविलगडाचं. व्हेनिसच्या पंखवाल्या सिंहाचे फोटो काढायला आपण विमानाने जातो. गाविलगडाच्या दरवाज्यावर दोन तोंडांचं गंडभेरुंड कोरलेलं आहे, ते किती जणांनी पाहिलं? वऱ्हाडच्या इमादशाहीचा मूळपुरुष फतहुल्ला हा विजयनगरकडच्या कानडी ब्राह्मण घरातला. लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला, आणि १४९० च्या सुमारास वऱ्हाडचा सुलतान झाला. तो कोणाचा, यावर आपण भांडू. त्याच्या दरवाज्यावरचं झाड काढायला कोणी जाणार नाही.

कारंजात बघायचं काय, असं विचाराल. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन परंपरांची जुनी मंदिरं आहेत. 'कस्तुरीची हवेली' आहे. गावात गोष्ट सांगतात की एक व्यापारी उंटांवर कस्तुरी घेऊन आला, कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा इथल्या सावकाराने सगळीच्या सगळी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवली. खरं-खोटं सोडा. अशी गोष्ट रचायलाही गावाची एक ऐट लागते. ऋषी तलाव आहे. गावाबाहेर कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट फोटोत येत नाही. या मंदिरांच्या भांडारांत पोथ्या होत्या, अपभ्रंश भाषेतल्या. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आपली आजची मराठी-हिंदी यांच्या मधला दुवा. १९२६ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची निघाली आणि अभ्यासकांचे डोळे उघडले. मग 'कारंजा जैन सिरीज' सुरू झाली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये संपादित केलं, 'णायकुमारचरिउ' अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांच्या टेबलावर ज्या गावाचं नाव पोचलं, ते नेरच्या पोराला माहीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण चौकाचौकात पेढे वाटले. मराठी ज्या वाटेने आली त्या वाटेवरच्या पोथ्या कुठे जपल्या गेल्या, हे कोणी विचारलं का?

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं भाषण देतो.

आजोबांचा वाडा आम्हीच पाडला. यवतमाळ जिल्ह्याचं सागवान, हाताच्या कवेत न मावणारे खांब, माडी, दारात ढेलज. तिघा भावांची वाटणी झाली. एका पावसाळ्यात मागची मातीची भिंत बसली. दुरुस्तीला कर्ज मागायला एका बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, नवीन स्लॅब टाका, लगेच देतो. जुन्याला आमच्याकडे योजना नाही. मिस्त्री म्हणाला, मातीत काम करणारे आता कोणी उरले नाहीत. जेसीबी दोन दिवसांत मोकळा झाला. खांब आणि कोरीव दार पुण्याकडचा एक व्यापारी ट्रकमध्ये टाकून घेऊन गेला. आम्हाला वाटलं, चांगले पैसे आले.

भाच्याच्या त्याच मोबाइलमध्ये पुण्याजवळच्या एका रिसॉर्टचाही फोटो होता. "मामा, एकदम जुन्या वाड्याचा फील." खांब आमचाच होता असं नाही म्हणत मी. पण तसाच होता. आपलं घर विकायचं आणि मग त्याच्या सावलीत बसायला एका रात्रीचे पाच हजार मोजायचे, असा हा धंदा आहे.

म्हणून जुन्या घरात राहणाऱ्याला "वारसा जपा हो" असे उपदेश करणाऱ्यांची मला चीड येते. गळतं त्याच्या डोक्यावर. जपायचं असेल तर खर्चात वाटा उचला.

आता नेहमीचा प्रश्न. "यवतमाळात शेतकरी गळफास घेतो, अन् तुम्हाला भिंतींचं पडलं?" प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. वेस दुरुस्त केल्याने कापसाचा भाव वाढणार नाही. पर्यटनाने विदर्भ तरेल असं सांगणारा एक तर भोळा आहे किंवा निवडणुकीला उभा आहे. पण 'सुशोभीकरण' या नावाखाली गावोगाव पैसा खर्च होतोच आहे ना? सिमेंटची कमान, रंगीत लाइट, 'आय लव्ह अमुकतमुक' असली अक्षरं आणि एक सेल्फी पॉइंट. त्याच कमानीच्या मागे दोन-तीनशे वर्षांची दगडी वेस फ्लेक्स आणि विजेच्या तारांखाली गुदमरत असते. नवीन पैसा मागतच नाही मी. जो उधळता तो नीट लावा, एवढंच म्हणतो.

आणि गावात एक रात्र मुक्काम करणारा माणूस भाकरी खातो, ऑटो करतो, खोली घेतो. ही कमाई पावसावर अवलंबून नसते. आज समृद्धी महामार्गावर कारंजाचा फाटा आहे, गाड्या ताशी १२० ने निघून जातात. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ अशी कापसासाठी टाकलेली शकुंतला बंद पडून आहे. जायला रस्ता झाला, थांबायला कारण ठेवलं नाही.

ग्रीसची नक्कल करा असंही म्हणत नाही. अति झालं की काय होतं तेही तिकडेच दिसतं. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या दिवशी फक्त फिरून जाणाऱ्यांना पाच युरो लावले. सँटोरिनीला जहाजातून उतरणाऱ्यावर २०२५ पासून ऐन हंगामात वीस युरो कर आहे. तिथल्या माणसाला स्वतःच्या गावात चालायला जागा उरली नाही. ते आपल्याला नको. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं आली तरी आपलं भागतं.

मागणं काय, तर चारच गोष्टी.

पहिली, नोंद. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २२ मध्ये गावाच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद आहे. आपल्या नगरपरिषदेला विचारा, आराखड्यात अशी यादी आहे का? वेस, बारव, वाडा, देऊळ, मशीद, दर्गा, सगळं एका यादीत. मुंबईसाठी वारशाचे नियम १९९५ लाच झाले. वऱ्हाडातल्या गावांनी काय पाप केलं?

दुसरी, जुनं घर टिकवणाऱ्याला घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीला कर्ज. सोबत माती, चुना, सागवान हाताळणारे कारागीर तयार करायला आयटीआयमध्ये एक कोर्स.

तिसरी, पोथ्यांचं डिजिटायझेशन. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 'ज्ञान भारतम' जाहीर केलं आहे. भांडारं ज्यांची आहेत त्यांना विश्वासात घ्या, त्यांचा मान ठेवा, पण काम लवकर करा. वाळवी निविदेची वाट बघत नाही.

चौथी, प्रत्येक वेशीजवळ एक पाटी. त्यावर खरं लिहा. कोणी बांधलं, कोणी लुटलं, कोणी पुन्हा उभं केलं. एकाचं नाव घालायला दुसऱ्याचं खोडू नका. क्रीटच्या लोकांना ते जमलं, आणि त्यांनी आपल्यापेक्षा कमी सोसलं असं काही नाही.

भाच्याला सांगून ठेवलंय. दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस काढ. सकाळच्या एसटीने निघू, दारव्हा वेशीतून आत शिरू, पायी फिरू, संध्याकाळी परत. व्हिसा लागत नाही.

तो म्हणाला, "मामा, तोवर राहील ना सगळं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा. नाहीतर निदान या रविवारी आपापल्या गावच्या वेशीचा एक फोटो काढून ठेवा. उद्या ती होती हे सिद्ध करायला तरी लागेल.