सातव्या नंबराला कोण विचारतो?

बालदोस्तांनो,

या आठवड्यात मनोरीहून एक पत्र आले आहे. पत्र लिहिणारा दोस्त सहावीत शिकतो. तो लिहितो, ‘काका, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत माझा सातवा नंबर आला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, पहिल्या तिघांत आलास की सांग. सातव्या नंबराला कोण विचारतो?’

प्रश्न मोठा झकास आहे! आज त्याचेच उत्तर शोधू या.

मनोरीच्या किनाऱ्यावर तुम्ही कधी धावला आहात का? मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची आणि समुद्राकडे चालत जायचे. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते. तिच्यावर पाय झरझर उचलतात. पण जरा वर, कोरड्या वाळूत शिरा. पाऊल टाकले की रुतलेच! अंतर तेच, पाय तेच, पण दम किती लागतो! पट्टे आखलेल्या सपाट मैदानावर हा अनुभव यायचा नाही.

अशा उंचसखल जमिनीवरून, गवतातून, चिखलातून, चढउतारांवरून जी शर्यत धावतात, तिला म्हणतात क्रॉस कंट्री. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत होती. १९२४ साली पॅरिसमध्ये इतके कडक ऊन होते, की धावायला निघालेल्या ३८ जणांपैकी फक्त १५ जण शेवटपर्यंत पोचले! त्यानंतर ऑलिंपिकमधून ती गेलीच. १९७३ पासून मात्र तिची जागतिक स्पर्धा भरू लागली.

या स्पर्धेत पुरुषांची मुख्य शर्यत सुमारे १२ किलोमीटरची असे. १९९८ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात तिच्या जोडीला एक धाकटी शर्यत आली. अंतर सुमारे चार किलोमीटर. पहिल्या वर्षी ती केनियाच्या जॉन किबोवेनने जिंकली. चार किलोमीटर म्हणजे सोपे, असे समजू नका हं! लांबच्या शर्यतीत मागे पडलेल्याला पुढे यायला वेळ मिळतो. इथे शिट्टी झाल्यापासून जीव तोडून पळायचे. सगळे एकाच झुंडीत, कोपराला कोपर लागलेले. एकदा मागे पडलात, की पुढचा घोळका भेदून जाणे महाकठीण.

आता खरी गंमत ऐका. या शर्यतीत एकट्याचे पदक असतेच, शिवाय संघाचेही असते. या धाकट्या शर्यतीत एका देशाच्या पहिल्या चार धावपटूंचे नंबर घेऊन त्यांची बेरीज करत. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ पहिला!

उदाहरण घेऊ. समजा, मनोरी आणि गोराई अशा दोन गावांचे चार-चार मुलांचे संघ एका शर्यतीत उतरले. मनोरीची मुले आली १, २, १४ आणि २० या नंबरांवर. बेरीज ३७. गोराईची मुले आली ४, ५, ७ आणि ९ या नंबरांवर. बेरीज २५. पहिल्या तिघांत गोराईचा एकही मुलगा नाही, तरी ढाल कोणाकडे? गोराईकडे!

खऱ्या स्पर्धेतही असे घडले आहे. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले २००१ साली या धाकट्या शर्यतीत दुसरा आला होता. मग २००२ ते २००६ अशी सलग पाच वर्षे तो धाकटी आणि मोठी, दोन्ही शर्यती जिंकत गेला. तरीही २००३ साली लोझानमध्ये, धाकट्या शर्यतीत बेकेले पहिला आला असताना, संघाचे सुवर्णपदक गेले केनियाकडे. त्यांचे धावपटू त्याच्या पाठोपाठ, एकापाठी एक आले होते. २००६ नंतर ही धाकटी शर्यत बंद झाली. बेरजेची पद्धत मात्र अजून आहे.

आता आपल्या मातीतला गडी पाहू. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीघोडा नाही. मग चालत नाहीतर पळत जायचे! बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला. २०१५ साली सैन्यातल्याच क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. पुढे सेनादलाच्या संघाने राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या संघात अविनाश होता. त्याचा स्वतःचा नंबर कितवा, ठाऊक आहे? पाचवा!

पण प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी या पाचव्या नंबराच्या मुलाचा वेग हेरला. त्यांनी त्याला अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या ३००० मीटरच्या शर्यतीकडे वळवले. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशने १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! तेव्हा रौप्यपदक मिळाले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्याने सुवर्णपदक आणलेच.

तर मनोरीच्या दोस्ता, सातव्या नंबराला कोण विचारतो? बेरीज करणारा विचारतो. तुझ्या पुढच्या सहा जणांपैकी कोणाला गाठता येईल, हे हेरणारा प्रशिक्षक विचारतो. आणि आईबाबांनो, थोडे तुमच्यासाठीही. मूल घरी आले, की ‘कितवा आलास?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी ‘कसा धावलास?’ हे विचारा. उत्तर ऐकायला दोन मिनिटे बसा.

आता तुमच्यासाठी कोडे. वरच्या शर्यतीत गोराईचा सातवा आलेला मुलगा, ‘आपल्याला कोण विचारतो’ म्हणून रमतगमत धावला आणि एकविसावा आला. मग ढाल कोणाची? घाई करू नका. तो मागे गेला, की ८ ते २१ नंबरांची मुले एकेक नंबर वर सरकतील! वहीत मांडा आणि उत्तर पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.

तुमचा,
खेळकाका