जॅक लेमनचा रविवार

गोल्फ हा साहेबाचा खेळ; त्याच्याशी मराठीच्या मास्तरांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध एवढाच, की नापास होणाऱ्यांविषयी मला पहिल्यापासून ममता आहे.

बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायकाने १९३७ साली कॅलिफोर्नियात एक स्पर्धा भरविली. धंदेवाईक खेळाडूच्या जोडीला एकेक हौशी सवंगडी. पहिल्याच वर्षी पावसाने निम्मा खेळ बुडाला! १९४७ पासून ती पेबल बीचच्या समुद्रकाठी भरू लागली. नियम मोठा उदार. प्रत्येक होलला दोघांपैकी ज्याचे फटके कमी, तेच जोडीच्या खाती. शिवाय हौशाला त्याच्या मगदुराप्रमाणे सवलत. तीन दिवसांनंतर आघाडीच्या जोड्या तेवढ्या रविवारी खेळत.

या रविवारासाठी नट जॅक लेमन पंचवीसएक वर्षे झुरला. दोन ऑस्कर पदरी असलेला माणूस! त्याच्या फटक्यांना टेलिव्हिजनवर सारा देश हसे; तो मात्र ती गोष्ट हसण्यावारी नेत नसे. दरवर्षी नवी उमेद, दरवर्षी शनिवारी बाडबिस्तरा. २००१ साली तो वारला. रविवार काही लाभला नाही. पुढे २०११ साली विनोदी नट बिल मरे याने डी. ए. पॉइंट्सच्या साथीने जोड्यांचे अजिंक्यपद सहज खिशात घातले. दैवाला तरी काय म्हणावे?

२०२४ पासून बक्षिसांची रक्कम दोन कोटी डॉलरांवर गेली आणि हौशांचा खेळ पहिल्या दोन दिवसांतच आटोपू लागला. आता रविवार कुणाच हौशाचा नाही. जोडीदाराला सर्वांत अधिक हातभार लावणाऱ्या हौशासाठी मात्र तिथे एक पारितोषिक ठेवले गेले. त्याला नाव दिले जॅक लेमनचे.