दोघींचे दुपारचे जेवण

‘‘एकदा निवांतपणे घरी जेवायला ये,’’ हे आमंत्रण मोठ्या शहरात जितक्या वेळा दिले जाते, तितक्या वेळा ते अमलात येत नाही. देणारी मनापासून देते, घेणारीही मनापासून ‘येईन’ म्हणते, आणि वर्ष सरून जाते. अंतराचे कारण आपण पुढे करतो, ते खोटे नाही. परंतु माझ्या मते मोठी अडचण स्वयंपाकघरात आहे. मैत्रीण जेवायला यायची म्हटली की आदल्या रात्री डाळ भिजत पडते, सकाळी घर आवरले जाते, आणि पाहुणी आल्यावर पहिला तासभर यजमानीण ओट्याशी, तर पाहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ‘‘मी काही करू का गं?’’ असे विचारीत असते. पाने मांडली तरी एकीने वाढायचे आणि दुसरीने संकोचाने जेवायचे. जे बोलण्यासाठी भेट ठरली, ते तर घरातल्या कोणाच्या कानी पडेल म्हणून ओठांतच राहते.

म्हणून वाचक भगिनींनो, दोन मैत्रिणींनी बाहेर भेटून जेवावे, आणि तेही दुपारी, असे मी आग्रहाने सांगते. याला चैन म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या हिशेबात जेवणाची किंमत धरलेली असते, वाढणारीचे श्रम धरलेले नसतात.

माझी एक मैत्रीण मूळची सोलापूरची. आम्ही दोघी दिल्लीत आहोत, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात मी द्वारकेला राहते आणि ती यमुनेपलीकडे, नोएडाच्या अगदी टोकाला. सुदैवाने मेट्रोचा निळा मार्ग एकच गाडी दोघींच्या दारावरून नेतो. दिल्लीची मेट्रो 2002 च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी एवढ्या लहानशा टप्प्यावर धावू लागली. नोएडाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत ती 2019 साली पोहोचली. तेव्हापासून मंडी हाऊस हे स्थानक आमच्या दोघींच्या जवळजवळ मधोमध आले. गाडी बदलावी लागत नाही, आणि तेथून अशोक रोडवरचे आंध्र भवन रिक्षाने अगदी जवळ.

या भवनाचे उपाहारगृह दिल्लीकरांना नवे नाही. आधी पैसे भरून टोकन घ्यायचे आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत गर्दीत उभे राहायचे. एकच्या आत पोहोचले तर बरे. कचेऱ्यांची जेवणाची सुटी झाली की दारापाशी पाय ठेवायला जागा राहत नाही. जागा मिळते ती बहुधा अनोळखी माणसांच्या शेजारी. स्टीलच्या ताटात पुरी, भाजी, पप्पू म्हणजे त्यांचे घट्ट वरण, सांबार, रसम, दही आणि काही गोड येते. भात वाढणारा पातेले घेऊन फिरतच असतो. मेजावर तूप असते आणि लालसर पोडी असते. गरम भातावर ही पोडी आणि वर तूप घालून पहिला घास घ्यावा, पप्पू-सांबाराकडे मग वळावे. हा क्रम मला मैत्रिणीने शिकविला. सोलापुरात विणकामाच्या निमित्ताने कित्येक पिढ्यांपूर्वी आलेली तेलुगू भाषक घरे आहेत. अशाच वस्तीशेजारी ती वाढली. वाढप्याशी ती तेलुगूत दोन शब्द बोलते आणि आमच्या ताटात भाताचा ढीग थोडा अधिक उंच होतो. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, हे तिनेच सांगितले, तेव्हापासून ते लोणचे मला परके वाटले नाही.

गेल्या खेपेस जेवता जेवता ती एकदम थांबली. मी विचारले, ‘‘तिखट लागलं का गं?’’ ती म्हणाली, ‘‘नाही गं. भात गरम आहे.’’ तिचे सासरे दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना भरवून, औषध देऊन, कूस बदलून ती पानावर बसते, तोवर सगळे निवलेले असते. महिन्यातून एका शनिवारी तिची नणंद दिवसभर येते, तोच आमचा दिवस. सासऱ्यांविषयी ती तक्रार करीत नाही. त्या दिवशीही केली नाही. भात मात्र तिने तीनदा मागून घेतला, आणि मीही बोलणे बंद करून तिला स्वस्थ जेवू दिले.

आपल्या आज्यांना हे साधले नसते. बायकांनी हॉटेलात जाणे हा घराण्याला लागणारा डाग समजला जाई. पुढे इराण्यांच्या आणि इतरांच्या उपाहारगृहांतून ‘फॅमिली रूम’ आली. पडद्याआड किंवा अर्ध्या दाराआड बसून, सोबतीला पुरुष घेऊन, बायका चहा पिऊ लागल्या. जातीची भिंत तर याहून निष्ठुर होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांची कपबशी वेगळी ठेवण्याची चाल गावोगाव होती. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि हॉटेले यांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडविता येत नाही. ‘लिंग’ हा शब्द त्या यादीत आहे, याकडे मी आपले लक्ष वेधते. अस्पृश्यतेचे आचरण शिक्षेस पात्र ठरविणारा कायदा 1955 चा. तरीही काही खेड्यांतून वेगळ्या पेल्याची चाल पुरती गेलेली नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण याच प्रश्नावर चांगल्या मैत्र्या अवघडल्या आहेत. आमचा रिवाज असा की जेवण एकीचे, नंतरची कॉफी दुसरीची, आणि पुढच्या वेळी उलट. जेथे बिल शेवटी येते, तेथे ते वाचून पाहावे. सेवाशुल्क आपोआप जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली दिल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये त्या उचलून धरल्या. वाढप्याला खुशीने काही द्यायचे असेल तर ते वेगळे, आणि द्यावेच.

कॉफीसाठी आम्ही बाबा खरकसिंग मार्गावरच्या मोहनसिंग प्लेसमधील इंडियन कॉफी हाऊसमध्ये जातो. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था काढून 1957 पासून ती चालविली. दिल्लीचे जुने कॉफी हाऊस कॅनॉट प्लेसमध्ये होते. आणीबाणीत ते पाडले गेले. आजच्या कॉफी हाऊसच्या खुर्च्या काही बऱ्या नाहीत, आणि कॉफीही सर्वोत्तम आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एका पेल्यावर तासभर बसलात तरी ‘आणखी काय आणू?’ म्हणून कोणी उठवीत नाही, आणि आम्हांला नेमके तेवढेच हवे असते.

साडेतीनला मैत्रीण घड्याळ पाहते. नणंदेला सहाच्या आत घरी परतायचे असते. राजीव चौकाच्या फलाटावर तिची गाडी एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला. तिची आधी आली तर मी हात हलविते. माझी आधी आली तर ती ओरडून सांगते, ‘‘पुढचं टोकन माझं हं!’’