डिकी, डग्गा आणि डेसिबल

गाडीत सबवूफर बसवायचा विचार करत असाल, तर आधी आमच्या विंडसरची एक गोष्ट ऐका. 2011 च्या सुमारास गावाच्या पश्चिम भागातल्या लोकांना एक घुमणारा आवाज छळू लागला. बाहेर कोणी ट्रकचं इंजिन चालू ठेवून उभं आहे असं वाटायचं, आणि पडदा सारून पाहावं तर रस्ता रिकामा. तावदानं थरथरायची, झोप उडायची. भूकंप मोजणाऱ्या सरकारी शास्त्रज्ञांनी मोजणी केली, तेव्हा हा आवाज साधारण 35 हर्ट्‌झचा निघाला. पुढे 2014 च्या अहवालात विंडसर विद्यापीठाच्या कॉलिन नोवाक यांच्या अभ्यासाने बोट दाखवलं ते डेट्रॉइट नदीपलीकडच्या झग आयलंडकडे, तिथल्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीकडे. 2020 मध्ये भट्ट्या थंडावल्या आणि आवाजही थांबला.

35 हर्ट्‌झ. दुकानातला विक्रेता तुम्हाला ज्या ‘डीप बास’साठी बारा इंची वूफर विकू पाहतो, तो नेमका याच प्रदेशातला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. छोट्या गाडीत बारा इंची वूफरचा खोका ठेवू नका. आठ इंची, हवाबंद खोक्यातला, सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात मावणारा घ्या. यात माझा चिक्कूपणा थोडा असेल, पण गणितही माझ्या बाजूने आहे.

मी स्वतः एक हिवाळा बारा इंची खोका बाळगला आहे. 19 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा, 40 बाय 40 बाय 35 सेंटिमीटरचा. आत जेमतेम 40 लिटर हवा, आणि नुसत्या लाकडाचं वजन साडेबारा किलोंच्या आसपास. वूफर आणि अँप्लिफायर धरून सगळं प्रकरण पंचवीस किलोंवर गेलं. पुण्याहून आई-बाबा आले तेव्हा डेट्रॉइट विमानतळावर त्यांना आणायला निघताना तो खोका काढून दिवाणखान्यात ठेवावा लागला. परत गाडीत चढवायचा उत्साह पुन्हा कधी आलाच नाही.

पंचवीस किलोंनी पेट्रोल फार जास्त लागत नाही, ती भीती कोणी घालत असेल तर सोडून द्या. खरा हिशोब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून किती किलो चालतील तो आकडा. अनेक छोट्या सेडानवर तो 385 किलोंच्या आसपास असतो. पंचाहत्तर किलोंची पाच माणसं बसवा, 375 झाले. उरले दहा. त्यात सबवूफर, बर्फाचं फावडं आणि देसी दुकानातून आणलेलं तांदळाचं पोतं बसवून दाखवा. शिवाय खोका नुसता ठेवलेला असेल, तर जोराची धडक बसल्यावर तो मागच्या सीटवर येऊन आदळू शकतो. तो घट्ट बांधलेलाच हवा.

आता मुख्य मुद्दा. छोट्या खोक्यातून खोल आवाज निघत नाही हे खरंच आहे. केएलएच या ध्वनिवर्धक कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ म्हणजे जे. अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की छोटा खोका, खोल स्वर आणि कमी वीज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. मोकळ्या जागेत स्वर एका सप्तकाने खाली नेऊन तेवढ्याच दाबाचा आवाज हवा असेल, तर वूफरला चौपट हवा ढकलावी लागते. वूफरचा पडदा जड केला की स्वर खाली उतरतो, पण तो हलवायला ताकद जास्त लागते. तबलजी हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत: डग्ग्याच्या शाईचं वजन स्वर खाली आणतं. (शाईचं भौतिकशास्त्र हा वेगळा आणि फार सुंदर विषय आहे. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर लिहिलं होतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

पण गाडी म्हणजे मोकळी जागा नव्हे, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. 40 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर असते. तुमच्या गाडीची केबिन असेल अडीच मीटर. एवढी लांब लहर त्या डब्यात मावतच नाही. मग वूफर लहरी पसरवण्याऐवजी सायकलच्या पंपासारखा आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली करतो. अडीच मीटरच्या केबिनमध्ये साधारण 70 हर्ट्‌झच्या खाली हे सुरू होतं आणि तिथून दर सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत फुकटची वाढ मिळते. हवाबंद खोक्यातला छोटा वूफर त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला 12 डेसिबलनेच उतरत जातो. एकाची उतरण आणि दुसऱ्याची चढण एकमेकांना बरीचशी भरून काढतात. प्रत्यक्षात दारांच्या फटी आणि थरथरणारा पत्रा यांमुळे ही वाढ थोडी कमी मिळते, पण मिळते. म्हणून मोकळ्या जागेतला आलेख पाहून गाडीसाठी वूफर निवडणं म्हणजे विहिरीत पोहायला समुद्राचा अंदाज घेऊन उतरणं.

आणखी एक फायदा. साधारण 80 हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. त्यामुळे वूफर सीटखाली असला तरी ठेका समोरूनच आल्यासारखा वाटतो, फक्त वरचे स्वर दारातल्या स्पीकरांकडे सोपवा. जागा वाचवायची तर ती अशी. स्पेअर चाकाच्या खड्ड्यात बसणारे वूफरही मिळतात, पण जानेवारीत 401 वरून टोरंटोला जाणाऱ्या माणसाने स्पेअर चाक घरी ठेवू नये, एवढंच म्हणतो. तुमच्या गाडीत मुळातच चाकाऐवजी हवा भरायचा पंप दिला असेल आणि खड्डा रिकामा असेल, तर खुशाल वापरा.

आपल्याला ऐकायचं तरी काय असतं? डग्ग्याचा घुमारा, पखवाज, ढोलकी. फार तर बास गिटार, आणि तिची सर्वांत खालची तार 41 हर्ट्‌झची. त्याखाली उरतात सिनेमातले स्फोट आणि झग आयलंड.

कानाची एक खोड इथे लक्षात घ्यायला हवी. 1000 हर्ट्‌झचा स्वर ऐकू यायला दोन-तीन डेसिबल पुरतात, 35 हर्ट्‌झला सुमारे 55 लागतात. पण एकदा ती पायरी ओलांडली की थोड्याशा वाढीनेही तो आवाज फार मोठा वाटू लागतो. गाडीत आपण नॉब दोन काटे फिरवतो, आणि रस्त्यापलीकडच्या घरात ‘काहीच नाही’चं एकदम ‘काहीतरी घुमतंय’ होतं. हे थांबवायला पत्र्याला डांबरी पट्ट्या चिकटवून उपयोग नाही. त्यांनी पत्र्याचा खडखड कमी होतो, पण खालचे स्वर अडवायला प्रचंड वस्तुमान लागतं, आणि वजन तर आपल्याकडे दहाच किलो उरलंय.

गंमत म्हणजे आमच्याच गावच्या कारखान्यात, जिथे 1983 पासून मिनीव्हॅन बनतात, तिथे डॉजची चार्जर डेटोना ही विजेवरची गाडीही बनू लागली. इंजिनच नाही, म्हणून तिला इंजिनाचा गडगडाट ध्वनिवर्धकांतून बाहेर सोडायची यंत्रणा बसवलेली आहे. 2022 मध्ये तिचं संकल्पनारूप दाखवलं तेव्हा कंपनीने 126 डेसिबलचा आकडा अभिमानाने सांगितला होता. नदीपलीकडची गुणगुण थांबावी म्हणून जे गाव वर्षानुवर्षं तक्रारी करत होतं, त्याच गावात! पोटापाण्याचा प्रश्न आहे, मी काय बोलणार.

तुमचा वूफर बसवून झाला की एक करा. थंडीत पहिली दहा मिनिटं हळू वाजवा, पडद्याची रबरी कड गारठून कडक झालेली असते. मग आवडीची बंदिश नेहमीच्या आवाजात लावा, बाहेर या, दार बंद करा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. तिथून तीनतालाची सम पकडता आली, तर परत जाऊन नॉब खाली आणा.