चालता यावं म्हणून बाक हवेत

मा. मुख्याधिकारी,
खामगाव नगर परिषद, खामगाव



श्रावणात श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा सारा रस्ता माणसांनी भरून जातो. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आज्याही त्यात असतात. श्रद्धा तर असतेच. शिवाय जागोजागी पाणी, चहा, फराळ आणि टेकायला जागा मिळते. एरवी यातल्याच कित्येक जणी घरापासून गांधी चौकापर्यंतही जात नाहीत. त्यांच्यासाठी हे पत्र.

'गुडघ्याची गादी झिजली' असं कळलं की घरचे मायेने सांगतात, 'आता बसून राहा.' पण बसून गुडघा आणखी बिघडतो. ही गादी म्हणजे सांध्यातली कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली जाते, सुटते आणि सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. बसून मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो. शिवाय वजन वाढतं. एक किलो वजन उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं अभ्यासात आढळलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये जुनाट आजार असलेल्यांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल करायला आणि बसण्याचा वेळ कमी करायला सांगितलं. गुडघ्याची झीज असलेल्या किंवा तिचा धोका असलेल्या लोकांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास 2014 मध्ये आला. दिवसाला 6000 पावलं चालणाऱ्यांना पुढच्या दोन वर्षांत हिंडण्याफिरण्याची अडचण कमी आली. सुरुवात 3000 पावलांनी केली तरी चालेल, असं संशोधकांनी म्हटलं.

साहेब, गुडघा दुखणारं माणूस उठताना एकदा नीट पाहा. दोन्ही हात पलंगावर टेकून, पुढे झुकून, कळ सोसत ते उभं राहतं. पहिली काही पावलं अवघडलेली पडतात, मग गुडघा मोकळा होतो. पण थोडं चाललं की पुन्हा टेकावंसं वाटतं. वाटेत टेकायला काही नाही हे माहीत असलं, की ते दाराबाहेरच पडत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. वर्दळीच्या रस्त्यांवर, बागांत आणि जनुना तलावाकडे दर दोनशे-अडीचशे पावलांवर सावलीत एक बाक द्या. तो ठेंगणा नको. त्याला पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण खालून उठताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. पायवाट सपाट आणि मोकळी ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावरच चालता येतं, तेव्हा दिवे लागलेले असू द्या. सार्वजनिक शौचालयात एक तरी कमोड असू द्या. उकिडवं बसता येत नाही, म्हणूनही कितीतरी बाया बाहेर पडणं टाळतात. सामान्य रुग्णालयाशी बोलून आठवड्यातून एकदा बागेत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवण्याची सोय करा.

सुरुवात एकाच रस्त्याने करा. बाकांच्या जागा कागदावर ठरवू नका. गुडघे दुखणाऱ्या पाच-दहा जणांना घेऊन तुमच्या अभियंत्यांनी तो रस्ता चालावा. ती माणसं जिथे थांबतील, तिथे खूण करावी आणि बाक तिथेच बसवावा.

आपला,
खामगावचा एक रहिवासी