निळ्या रक्ताची कसोटी

रुग्णालयात आजोबांच्या हाताला सलाइन लावले जाते, तेव्हा घरची माणसे थेंबांकडे पाहत बसतात. बाटलीतील द्रव शुद्ध असेल की नाही, अशी शंका कोणाच्याही मनाला शिवत नाही. पांजरपोळातील आजारी गायीला शिरेतून औषध देणारा पशुवैद्यही त्याच विश्वासाने सुई टोचतो. हा विश्वास एका प्रयोगशाळेतील चाचणीवर उभा आहे आणि त्या चाचणीचे मोल दीर्घकाळ मुक्या जीवांनी चुकविले आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉक्टरांना एक कोडे पडले होते. इंजेक्शनचे पाणी उकळून जंतू मारले, तरी काही रुग्णांना थंडी वाजून ताप भरे. फ्लॉरेन्स सीबर्ट या अमेरिकन संशोधिकेने १९२०च्या दशकात दाखवून दिले की दोष ऊर्ध्वपातित पाण्यात शिरलेल्या जंतूंच्या अवशेषांचा आहे. विशिष्ट प्रकारच्या जंतूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य जंतू मेल्यावरही उरते आणि साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. त्याचा अत्यल्प अंशही रक्तात गेला तर ताप येतो. अधिक गेला तर रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो.

मग ते ओळखायचे कसे? त्या काळी उत्तर एकच होते : सशाला टोचून पाहावे. १९४२मध्ये ही चाचणी अमेरिकेच्या औषधसंहितेत समाविष्ट झाली. सशांना जखडून ठेवायचे, कानाच्या शिरेत औषध सोडायचे आणि काही तास त्यांचे तापमान पाहत राहायचे. ताप चढला तर औषधाचा तो साठा बाद. किती ससे या कामी आले, याचा हिशेब कोणी मांडावा!

पुढचा टप्पा समुद्रकिनाऱ्यावर घडला. वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँग हे घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका प्राण्याचा अभ्यास करीत होते. त्याला खेकडा म्हणतात, पण नाते त्याचे कोळी आणि विंचवाशी. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्याच्या पूर्वजांचे जीवाश्म सापडतात. तांबेयुक्त द्रव्यामुळे त्याचे रक्त निळे दिसते. विशिष्ट जंतूंचा संपर्क होताच ते रक्त गोठते, असे बँग यांनी १९५६मध्ये नोंदविले. पुढे जॅक लेव्हिन यांच्या साहाय्याने त्याच्या रक्तपेशींच्या अर्कापासून अतिसंवेदनशील चाचणी सिद्ध झाली. अर्क गोठला, तर औषध दूषित. बहुतेक कामांतून ससा सुटला.

सुटला खरा, पण ओझे दुसऱ्या जीवाच्या पाठीवर गेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी लक्षावधी नालखेकडे पकडून त्यांचे सुमारे एकतृतीयांश रक्त काढले जाते आणि मग त्यांना समुद्रात सोडले जाते. त्यांपैकी १५ ते ३० टक्के दगावतात, असे निरनिराळे अंदाज आहेत. याशिवाय आमिष म्हणून त्यांची शिकार झाली, ती वेगळीच. डेलावेअर उपसागरात या प्राण्याच्या अंड्यांवर ‘रेड नॉट’ नावाचा पक्षी आपल्या प्रचंड स्थलांतरातील भूक भागवितो. अंडी घटली तसा तोही संकटात आला. भारतात ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यांवर नालखेकड्याच्या दोन जाती आढळतात आणि वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

येथे जनुकशास्त्र मदतीला आले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जिक लिंग आणि हो बाव या संशोधक दांपत्याने विचार केला की आपल्याला रक्त नव्हे, त्यातील एंडोटॉक्सिन ओळखणारे प्रथिन हवे आहे. ‘फॅक्टर सी’ असे त्याचे नाव. खाजणातील नालखेकड्याच्या पेशींतून त्यांनी त्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या कीटकपेशींत ते बसविले. त्या पेशी आता हेच प्रथिन निर्माण करतात. एंडोटॉक्सिन चिकटताच प्रथिन जागे होते, सोबतच्या रसायनाचे विघटन करते आणि द्रावणातून उमटणारा प्रकाश यंत्र मोजते. जुन्या अर्कात बुरशीच्या काही घटकांमुळेही चुकीचा इशारा मिळे. तो दोषही येथे टळतो. कीटकपेशींचा उगम सजीवच, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईलच. परंतु एकदा घेतलेली पेशी पिढ्यान्‌पिढ्या काचपात्रात वाढते. प्रत्येक चाचणीसाठी नवा त्रस जीव धरावा लागत नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, पण ती घटविता येते, ही श्रावकाची जुनी समज येथे अक्षरशः लागू पडते.

हे प्रथिन २००३पासून बाजारात आहे. तरीही औषध कंपन्या दीर्घकाळ बिचकत राहिल्या. कारण क्षुल्लक नव्हते : चाचणी चुकली तर किंमत रुग्ण मोजणार, आणि नियमग्रंथात नसलेली पद्धत योग्य असल्याचे कंपनीलाच स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागे. २०१८मध्ये या पद्धतीने तपासलेल्या अर्धशिशीवरील एका औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. युरोपच्या औषधसंहितेत तिचे स्वतंत्र प्रकरण २०२१पासून लागू झाले. अमेरिकेच्या संहितेने २०२४मध्ये तसे प्रकरण संमत केले. उशीर झाला, हे खरेच. एंडोटॉक्सिनखेरीज इतर तापकारक द्रव्ये शोधण्यासाठी ससा मात्र मागे उरला होता. त्याच्या जागी मानवी रक्तपेशींवर आधारलेली चाचणी आली आणि युरोपच्या औषधसंहितेने ससा-चाचणी हद्दपार करण्याचा निर्णय २०२४मध्ये घेतला.

जुन्या औषधांची चाचणी बदलायची तर कागदपत्रे, तुलना, परवानगी सारे पुन्हा करावे लागते. म्हणून निळ्या रक्ताची मागणी एका दिवसात थांबणार नाही. औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला निवडीची सोयही नाही. बाटलीवर घटक छापलेले असतात, मुदत छापलेली असते. ती कोणत्या कसोटीतून पार पडली, हे लेबलावर लिहिलेले नसते.